पसंतीचा क्रम

जून उजाडला, पहिल्या सरी पडूं लागल्या, रायवळ आंबे संपत आले, म्हणजे ज्या घरांत बारावीचें मूल असतें त्या घरांत एक निराळाच ऋतु सुरू होतो. २०२५ सालीं तो आमच्या घरीं आला. आमचें घर जुन्या बदलापूर गांवांतलें, नदीच्या बाजूचें. एका चुलीवर अकरा माणसांचा स्वयंपाक होतो. चूल आतां गॅसची असली तरी वहिनींच्या मतें ती चूलच. आमचे वडील बंधु, ज्यांस सारा गांव दादा म्हणे, ते २०११ सालीं गेले. तेव्हांपासून वडीलकीचा पाट आमच्याकडे आला आहे. पाटाबरोबर सर्वांचे निर्णय करण्याचेंहि काम येतें, हें आम्हांस आधीं कोणीं सांगितलें नव्हतें.

दादांची नात त्या वर्षीं महाराष्ट्राच्या सामायिक प्रवेश परीक्षेस बसली होती. तिला गुण चांगले पडले. इतके चांगले, कीं पंचाईत झाली. ज्याला कमी पडतात त्याला मिळेल तेथें जावें लागतें, आणि तें एका परीनें सोपें असतें. हिला मात्र निवड करावयाची होती. या प्रवेशाचा अर्ज म्हणजे एक लांबलचक यादी. संस्था आणि शाखा यांच्या जोड्या आपल्या पसंतीच्या क्रमानें लिहून द्यावयाच्या, आणि मग गुण, आरक्षण व शिल्लक जागा पाहून सरकारी यंत्र त्यांतली एक आपल्या पदरांत टाकतें. पहिल्या फेरींत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घेतलीच पाहिजे. मागाहून मन बदलून चालत नाहीं. तेव्हां सारा प्रश्न पहिल्या ओळीचा. ती एक ओळ लिहिण्यासाठीं आमच्या माजघरांत तीन आठवडे जी चर्चा झाली, तेवढ्यांत एखादें लग्न जमून मोडून पुन्हां जमलें असतें.

नातीच्या बापाचें म्हणणें, संगणकाची शाखा कोठेंहि मिळो, ती घ्यावी. तिच्या मामाचें बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या रसायनाच्या कारखान्यांत आयुष्य गेलें. त्याचें म्हणणें, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेंत जावें, म्हणजे पुढें अंबरनाथ-बदलापुरांतच काम मिळेल व मुलगी डोळ्यांपुढें राहील. आमची मंडळी म्हणाली, "माटुंगा काय नि कुठलं काय, रात्रीं जेवायला घरीं आली म्हणजे झालं." एका पुतण्यानें खाजगी महाविद्यालयाचें नांव काढलें, पाठोपाठ शुल्काचा आंकडा निघाला आणि नांव पुन्हां आंत गेलें.

येथें वाचकांसाठीं थोडा खुलासा करावयास हवा, कारण तो आम्हांसहि करून घ्यावा लागला. 'सरकारी कॉलेज' हा शब्द आपण सरसकट वापरतों. पण त्यांत अनेक जाती आहेत. पुण्याचें अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ सालीं बांधकाम खात्याच्या हाताखालचीं माणसें तयार करण्यासाठीं निघालें, पुढें बरींच वर्षें पुणें विद्यापीठास जोडलेलें होतें, आणि २०२२ सालीं कायद्यानें स्वतःच विद्यापीठ झालें. आतां तें आपली पदवी आपण देतें. माटुंग्याची दुसरी संस्था १८८७ सालची, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या निमित्तानें निघालेली. १९२३ सालीं ती माटुंग्यास आली, आणि १९९७ सालीं तिला वीरमाता जिजाबाईंचें नांव मिळालें. ती २००४ पासून स्वायत्त आहे. म्हणजे अभ्यासक्रम तिचा, परीक्षा तिच्या, पण नातें मुंबई विद्यापीठाशीं. मामांची रसायनाची संस्था १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून जन्मली व २००८ सालीं अभिमत विद्यापीठ होऊन वेगळी झाली, एखादा कर्ता मुलगा वेगळें बिऱ्हाड करतो तशी. शिवाय रायगड जिल्ह्यांत लोणेरें येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ चें. तें पूर्वीं एकटें होतें, आतां महाराष्ट्रांतलीं पुष्कळ महाविद्यालयें त्याच्या छत्राखालीं आहेत. पदवीच्या कागदावर कोणाचें नांव असावें याविषयीं आमच्या घरांत जेवढा वाद झाला, त्याच्या निम्मा वादहि त्या कागदासाठीं चार वर्षें काय शिकावयाचें याविषयीं झाला नाहीं.

तो विषय नातीनें मात्र कधींच ठरविलेला होता. तिला स्थापत्य हवें होतें. घर बांधण्याचें नव्हे, पाण्याचें. याचें कारण नदी. २६ जुलै २००५ ला आमच्या घरांत पाणी आलें तेव्हां ती जन्मलेली नव्हती. पण २०१९ च्या जुलैंत ती बारा वर्षांची होती. त्या वेळीं बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकून पडली व सुमारें हजार उतारूंस होड्यांनीं बाहेर काढावें लागलें, हें वाचकांस आठवत असेल. आमच्या घरांत त्या रात्रीं ओट्याच्या तीन पायऱ्या बुडाल्या. सारीं माणसें धान्याचे डबे माळ्यावर चढवीत असतां ही पोर पेन्सिल घेऊन दर अर्ध्या तासानें भिंतीवर रेघ मारीत होती. त्या रेघा अजून आहेत. रंगारी आला तेव्हां तिनें तेवढी भिंत रंगवूं दिली नाहीं. "आजोबा, हें पाणी पावसाचंच होतं, कीं कुणी सोडलेलं?" असें तिनें आम्हांस तेव्हां विचारलें होतें, आणि आम्हांस उत्तर देतां आलें नव्हतें. संगणकाच्या बाजूनें बोलणाऱ्या तिच्या बापास तिनें ती भिंत दाखविली. मग तो फारसें बोलला नाहीं.

म्हणजे राहिलें पुणें आणि माटुंगा. दोन्हीकडे स्थापत्य आहे, दोन्हीं नांवें जुनीं.

मध्यंतरीं दाखल्यांचें एक प्रकरण झालें. राज्य सरकारनें २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरांतील, आर्थिक दृष्ट्या दुर्बळ व इतर कांहीं वर्गांतील मुलींचें शिक्षणशुल्क माफ केलें आहे. आमच्या पुतण्याचें विजेच्या सामानाचें लहानसें दुकान. तो या मर्यादेच्या आंत बसतो. परंतु कायद्याच्या दृष्टीनें 'कुटुंब' म्हणजे मूल, त्याचे आईबाप आणि अठरा वर्षांखालचीं भावंडें. त्यांत आजी नाहीं, चुलतआजोबा नाहींत, काका-काकू नाहींत. अकरा माणसांच्या घरांतून कायद्यानें चौघांस वेगळें काढून पाटावर बसविलें! दाखल्यापुरता फायदाच होता, तरी वहिनींस तें लागलें. "मग तिच्या दुधाचे पैसे इतकीं वर्षें कोणाच्या कुटुंबानं दिले?" असें त्या म्हणाल्या. दाखला अंबरनाथच्या तहसील कार्यालयांत काढावयाचा असल्यामुळें परत येतांना आम्ही नातीसह शिवमंदिरांत गेलों. शके ९८२, म्हणजे १०६० सालचें शिलाहारांचें तें देऊळ वालधुनीच्या कांठीं उभें आहे, आणि त्याच्या गाभाऱ्यांत जावयास पायऱ्या उतरून खालीं जावें लागतें. आम्हीं हात जोडले. नातीनेंहि जोडले, पण डोळे उघडे ठेवून. तिचें लक्ष दगडांच्या सांध्यांकडे आणि बाहेरच्या नदीच्या पातळीकडे होतें.

निर्णय कांहीं होईना, तेव्हां आम्ही उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पांत आमच्या एका जुन्या स्नेह्याकडे गेलों. फाळणीनंतर त्याचे वडील सिंधमधून येथील लष्करी बराकींत आले. कल्याण छावणीला उल्हासनगर हें नांव १९४९ सालीं मिळालें, त्याच्याहि आधीं. आम्ही दोघे उल्हासनगरच्या चांदीबाई महाविद्यालयांत बरोबर शिकलों. पुढें तो जीनच्या कापडाच्या धंद्यांत पडला. सगळें ऐकून तो म्हणाला, "दोन्हीकडे गेलात काय? नाहीं? मग बोलतां कशावर? कापड हातांत घेतल्याशिवाय आम्ही भाव काढीत नाहीं." शिकलेल्या घरांत ही गोष्ट कोणासहि सुचली नव्हती, हें येथें नमूद करतों.

प्रथम माटुंग्यास गेलों. मुद्दाम कामाच्या दिवशीं, सकाळच्या गाडीनें. बदलापूर ते माटुंगा ५८ किलोमीटर. जलद गाडी माटुंग्यास थांबत नाहीं. दादरला उतरून परत एक स्थानक मागें यावें लागतें. त्याच महिन्याच्या ९ तारखेस मुंब्र्याजवळ दारांत लोंबकळणारे उतारू रुळांवर पडून त्यांतले कांहीं दगावले होते, आणि डब्यांत सगळ्यांच्या तोंडीं तीच गोष्ट होती. नात बायकांच्या डब्यांत, आम्ही वृद्धांसाठीं राखलेल्या जागेंत. दादरला ती उतरली तेव्हां तिच्या पिशवीचा पट्टा तुटला होता आणि चेहऱ्यावर आपण उतरलों कशा याचें नवल होतें. संस्था मात्र तिला मनापासून आवडली, आणि आम्हांसहि. तेथेंच शकुंतला भगत १९५३ सालीं स्थापत्याची पदवी घेऊन बाहेर पडल्या; पूल बांधणाऱ्या स. भा. जोशी यांची ही मुलगी पुढें स्वतः पूल बांधूं लागली, आणि तिनें व तिच्या पतीनें १९७० सालीं काढलेल्या क्वाड्रिकॉनचे पूल पार हिमालयांत गेले. ही हकीकत आम्ही घरून पाठ करूनच निघालों होतों. खरें सांगावयाचें तर, माटुंग्याची बाजू भक्कम व्हावी म्हणून.

परतीच्या गाडींत नातीनें तिकिटाच्या पाठीमागें हिशेब मांडला. जाऊन येऊन रोज तीन तास, वर्षाचे दोनशें दिवस, चार वर्षें. "आजोबा, २४०० तास. म्हणजे शंभर अहोरात्र उभ्यानं." आम्ही म्हणालों, गाडींत वाचतां येतें. तिनें तुटलेल्या पट्ट्याकडे पाहिलें. उत्तर दिलें नाहीं.

पुढच्या आठवड्यांत पुणें. बदलापूरहून लोकलनें कर्जत, आणि तेथून एक्सप्रेस. कर्जतला गाडीला मागून इंजिनें जोडतात, तेवढ्या वेळांत वडे खावयाचे हा आमच्या लहानपणापासूनचा प्रघात, तो पाळला. घाटांत धुकें होतें. आम्हीं नातीला सांगितलें कीं हा बोरघाट जेम्स बर्कले नांवाच्या इंजिनिअरानें आंखला. तो १८६३ सालीं खुला झाला, पण तें पाहावयास बर्कले उरला नव्हता, आदल्याच वर्षीं वारला होता. त्याच्या नांवानें मुंबई विद्यापीठांत पारितोषिक ठेवलें गेलें, आणि १८८३ सालीं पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पहिले येऊन विश्वेश्वरय्यांनीं तेंच पारितोषिक मिळविलें. ती खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "आणि मग खडकवासल्याचे दरवाजे. पाणी चढलं कीं आपोआप उघडणारे." म्हणजे तिचें पाठांतर आमच्याहून पुढचें होतें.

शिवाजीनगरला उतरून गेलों. दगडी इमारत पाहिली, प्रयोगशाळा दाराच्या फटींतून पाहिल्या, मुलींच्या वसतिगृहाची चौकशी केली, आणि शेवटीं नदीकांठच्या बोट क्लबाकडे जाऊन बसलों. नदी भरलेली होती. नात बराच वेळ गप्प होती. मग तिनें विचारलें, "आजोबा, तुम्हांलाही पुण्याला जागा मिळाली होती ना? दादाआजोबांनीं तुम्हांला कां परत बोलावलं?"

हा प्रश्न आमच्या घरांत कोणी विचारीत नाहीं, कारण त्याचें उत्तर सर्वांस ठाऊक आहे. १९७३ सालीं आम्हीं इंटर सायन्स केलें, पुण्यास अभियांत्रिकीची जागा मिळाली, आम्ही गेलों. तोंच आई आजारी पडली, दादांनीं परत बोलावून घेतलें, आणि धाकट्याचें शिक्षण राहिलें. नव्या सुनांस ही गोष्ट सांगितली जाते, आणि ऐकणारी प्रत्येक दादांच्या तसबिरीकडे किंचित् रागानें पाहते. आम्ही पुढें अंबरनाथच्या एका कारखान्यांत आरेखनाच्या खोलींत लागलों आणि चाळीस वर्षें इतरांनीं योजलेल्या यंत्रांचीं चित्रें काढलीं. तीं चित्रें चांगलीं होतीं, असें आजहि वाटतें.

खरी हकीकत आम्हीं त्या दिवशीं नदीकांठीं प्रथमच उच्चारली. दादांनीं वहिनींच्या पाटल्या कल्याणच्या सराफाकडे ठेवून पैसे उभे केले होते. कल्याण स्थानकापर्यंत ते स्वतः पोंचवावयास आले. पुण्यास आम्ही दोन रात्री राहिलों. खोलींतलीं इतर मुलें सराईतपणें इंग्रजी बोलत. वर्गांत फळ्यावर जें लिहिलें जाई तें समजे. पण आपण येथले नाहीं हेंहि समजे. कोणीं दुखविलें नाहीं, कोणीं हंसलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं कोणास न सांगतां ट्रंक उचलली आणि गाडींत बसलों.

घरीं आलों तेव्हां दिवेलागण झाली होती. दादा ओट्यावर होते. त्यांनीं एवढेंच विचारलें, "कुणी कांहीं बोललं का?" आम्ही म्हणालों, नाहीं. "मग?" या 'मग'ला उत्तर नव्हतें. ते म्हणाले, "आंत जा, हातपाय धू." दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते शेजाऱ्यांस सांगत होते, "आईची तब्येत बरी नाहीं, मींच बोलावून घेतलं." आई त्या वेळीं मागल्या दारीं कांडण करीत होती, आणि तिचा आवाज पुढल्या दारापर्यंत ऐकूं येत होता.

दादांनीं तो दोष अडतीस वर्षें आपल्या अंगावर वागविला आणि आम्हीं तो वागवूं दिला. त्यांच्या तेराव्यास एका नातेवाईकानें सगळ्यांसमक्ष म्हटलें कीं, यांनीं भावाचें नुकसान केलें. आम्ही तेव्हांहि पानावरून मान वर केली नाहीं. आणि आतां त्यांच्याच नातीनें घरीं राहावें म्हणून आम्ही माटुंग्याच्या बाजूचे दाखले पाठ करीत होतों. काळजी तिच्या रात्रीच्या जेवणाची होती, कीं एवढ्याशा पोरीनें जेथें राहून दाखवावें तेथून आपण पळून आलों या गोष्टीची, हें आम्हांस त्या दिवसापर्यंत नीट वेगळें करतां आलें नव्हतें.

नातीनें ऐकून घेतलें. तिनें आमची समजूत घातली नाहीं, हें बरें केलें. थोड्या वेळानें म्हणाली, "मला पण तशी भीति वाटली तर?"

आम्ही म्हणालों, "फोन कर. आम्ही येऊं, पुण्यांत दोन दिवस राहूं, तुला जेवायला बाहेर नेऊं. पण तुला घेऊन यायला म्हणून येणार नाहीं."

"आणि तरीही नाहींच जमलं तर?"

"तर ये. पण मग कां आलीस तें तूं स्वतः सांगावंस. तुझ्या वतीनं इथं कोणी खोटं बोलणार नाहीं."

ती म्हणाली, "चालेल."

अर्ज भरण्याच्या रात्रीं तिनें पहिल्या ओळींत पुण्याचें स्थापत्य लिहिलें, दुसऱ्या ओळींत माटुंग्याचें, आणि बाकीची यादी बापाच्या समाधानासाठीं त्याच्या सल्ल्यानें भरली. आमची मंडळी त्या रात्रीं लवकर निजली. निजली नव्हती हें आम्हांस ठाऊक होतें. वसतिगृह आणि खाणावळ यांचा खर्च शुल्कमाफींत येत नाहीं. तो घरांतल्या चार मिळवत्या हातांनीं वांटून घ्यावयाचें ठरलें, त्यास पांच मिनिटें पुरलीं. पहिल्याच फेरींत पहिली पसंती लागली.

निघण्याच्या आदल्या दिवशीं, सगळीं पानावर बसलीं असतां, आम्हीं ती १९७३ ची गोष्ट घरांत सांगितली. नातीनें सांगावयास सुचविलें नव्हतें. परंतु आतां तिच्यापाशीं ती एकटीजवळ राहावी हें बरें दिसत नव्हतें. सुना स्तब्ध झाल्या. पुतण्यानें बापाच्या तसबिरीकडे पाहिलें आणि हात धुवावयास उठून गेला. तो बराच वेळ परत आला नाहीं. वहिनी अठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांस हल्लीं कमी ऐकूं येतें. म्हणून आम्ही त्यांच्याजवळ सरकून पुन्हां सांगूं लागलों. त्यांनीं हातानेंच थांबविलें.

"भाऊजी, मला तें त्याच रात्रीं कळलं होतं. ट्रंकेला मीं दोरी बांधून दिली होती. तीन दिवसांनीं आलांत तरी गांठ माझीच होती. तुम्ही ती सोडलीसुद्धां नव्हतीत."

मग त्या नातीकडे वळून म्हणाल्या, "तिथं पोंचलीस कीं आधीं बॅग उघड आणि कपडे कपाटांत लाव. चहा नंतर."